एका ओळीचा फरक

माझ्या सासऱ्यांचं डोकं चालेनासं झालंय, असं मी एकदा आठ दिवस सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. शेजारच्या काकूंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, माहेरी कन्नडला फोन लावून आईलाही सांगितलं. सांगताना आवाज असा हळवा काढायचे की समोरच्यानं पदर डोळ्याला लावावा. आता कबूल करून टाकते. डोकं त्यांचं जागेवर होतं. चालत नव्हतं ते माझं, आणि तेही अशा गोष्टीत, जी आमच्या घरातलं शाळेत न गेलेलं पोरसुद्धा चुकणार नाही. तेव्हा मी पंचविशीतली होते. तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. त्याचं सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीवर अशा उंचीवर टांगलं होतं, की येणाऱ्याला चप्पल काढून मान वर केली की पहिलं तेच दिसावं. अशा बाईचं कसं चुकेल?

माझं मोठं होणं माहेरी झालंच नाही. अठरा पूर्ण झाली आणि तीन आठवड्यांत मला सिडकोतल्या या दोन खोल्यांत आणून सोडलं. शहाणपण जे काही आलं ते इथंच, आणि तेही उशिरा. पुढं माझ्या लेकीनंही लग्नाची घाईच केली, म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मला आजी म्हणणारी एक भवानी घरात आहे. आत्मचरित्र लिहायचं हे वय नव्हे असं लोक म्हणतात. म्हणू देत. गुडघा वाजतो, चष्मा लागलाय, आणि नात विचारते, "आजी, तू लहान होतीस तेव्हा रंग होते का?" याहून म्हातारपण वेगळं काय असतं?

तर त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मामांची खाट, टीव्ही आणि खिडकीशी आमचा कॉम्प्युटर. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. कॉम्प्युटर आमच्या यांनी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून जुना आणला होता. तो चालू केला की आधी पंखा घुरघुरायचा, मग आत कुणी दाणे भाजतंय असा आवाज यायचा, आणि तोवर चहा उकळून तयार व्हायचा. सकाळी वाळूजच्या कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची, आणि आमचे हे एका हातात डबा, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन पळायचे. मग मागच्या खोलीत आत्याबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, एका लयीत, तासभर. आमटी बहुतेक येसराची. वर्षाचं येसर त्या उन्हाळ्यातच भाजून ठेवायच्या, त्या दिवशी आख्खी गल्ली शिंकायची. गरम आमटीत भाकरी कुस्करून वर कच्चा कांदा. आज मला डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितलंय, आणि मी दर वेळी हो म्हणते.

मामा शाळेत शिपाई होते, पण लोक ओळखायचे ते बौद्धाचार्य म्हणून. लग्न असो, नामकरण असो, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, पांढरा सदरा घालून मामा उभे राहायचे. ते वंदनेची एक ओळ म्हणायचे आणि मांडवातली सगळी माणसं तीच ओळ त्यांच्या मागून म्हणायची. मामा एकटे, मग सगळे. मामा एकटे, मग सगळे. जन्मापासून आम्ही हे असंच म्हणत आलोय. माईक बिघडला तरी मामांचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. मिश्या एवढ्या दाट की ओठ दिसायचेच नाहीत, आवाज मिश्यांतूनच निघतो असं वाटायचं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं विजूचं लग्नही त्यांनी स्वतःच लावलं. मुलीचा बाप असून हातात माईक घेऊन उभे राहिले. तेव्हा कुणी कुजबुजलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "आयुष्यभर लोकाच्या पोरींची लावली, आपल्या पोरीला काय दुसरा माणूस बोलवावा?"

त्यानंतर वर्ष भरायच्या आत मामांना लकवा झाला. उजवा हात हळूहळू परत आला, पाय लंगडत का होईना चालू लागला. आवाज मात्र गेला तो गेलाच. तोंड उजवीकडून ओघळलं. बोलायला जायचे आणि "अं... अं..." एवढंच निघायचं. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, बारीक चणीच्या, मोठ्या धीराच्या. त्या म्हणाल्या, "यांना समजतं सगळं. नवीन शब्द जुळवणं जड जातं, पण जे लहानपणापासून तोंडपाठ आहे ते कधी कधी आतून सलग येतं. काय पाठ आहे यांना?" आत्याबाई म्हणाल्या, "काय पाठ नाय ते विचारा." मॅडमनी सांगितलं, आरसा समोर धरा, तोंडाकडं बघत बघत रोज वंदना म्हणायला लावा. पण मामांनी आरशात एकदा पाहिलं आणि आरसा पालथा घातला. वाकडं तोंड त्यांना बघवेना.

मग मला सुचलं. म्हणजे मला सुचलं असं मी वीस वर्षं सांगत आलेय. खरं तर विजूला सुचलं. ती म्हणाली, "वहिनी, माझ्या लग्नाच्या डीव्हीडीत आबा सरळ तोंडानं म्हणायलेत की. तेच लावा ना त्यांच्यापुढं." आरशात नको असलेला चेहरा सोडून आपलाच जुना चेहरा बघायचा, त्याच्याबरोबर म्हणायचं. मॅडमना ही कल्पना फार आवडली.

अडचण एवढीच की ती डीव्हीडी माझ्या लेकीनं फरशीवर चाक म्हणून फिरवली होती. वंदना सुरू झाली की प्लेअर अडकायचा, मामांचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजायचा. शूटिंगवाल्यानं मूळ टेप पुसून दुसऱ्या कुणाचं लग्न त्यावर घेतलेलं. जगात मामांचा बोलता आवाज होता तो त्या एका ओरखडलेल्या तबकडीवर. "त्यात काय एवढं?" मी म्हणाले. "कॉम्प्युटरवर ओढून घेते, नवीन फाइल करते. अडकायचंच नाही." यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला आणखी एक सर्टिफिकेट मिळाल्यासारखं झालं.

अशी फाइल बनवायला त्या कॉम्प्युटरला पाच-सहा तास लागायचे आणि लोडशेडिंग होतं दुपारी. म्हणजे सकाळी बसच्या हॉर्नबरोबर सुरू करायचं आणि वीज जायच्या आत संपलं तर संपलं. दोनदा शेवटच्या टप्प्यावर वीज गेली, तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्यांदा फाइल झाली. चित्र अडकत नव्हतं, पण आवाज आणि ओठ यांचं जमत नव्हतं. बँडवाल्याची काठी ढोलावर पडायची आणि आवाज नंतर कधीतरी यायचा. हल्ली नात व्हिडिओ कॉलवर ओरडते, "आजी, तू आधी तोंड हलवतेस आणि मग बोलतेस!" तेव्हा मला तीच फाइल आठवते. फरक एवढाच की आता दोष कुणालाही देता येतो, तेव्हा तो माझ्या एकटीचा होता.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज मागं-पुढं सरकवायची सोय होती. पडद्यावर आवाजाच्या उंचवट्यांची एक रांग दिसायची, डोंगरासारखी. ती धरायची आणि ओठांशी जुळेपर्यंत ओढायची. मी वंदनेचा भाग लावला. आता शूटिंगवाला कसा असतो? वंदना मामा म्हणतायत, पण कॅमेरा नवरीवर. विजूची नथ, विजूची मेंदी, विजूचे ओठ. मामा दिसतात ते बऱ्याच वेळानं. ओठ स्पष्ट दिसत होते विजूचे, आणि आवाज स्पष्ट होता मामांचा, कारण माईक त्यांच्या हातात. शब्द तेच. मी मामांच्या ओळीचा डोंगर धरला आणि विजूच्या ओठांवर नेऊन बसवला. काय चपखल बसला! पहिला शब्द पहिल्या शब्दावर, शेवटचा शेवटच्यावर. मी टाळी वाजवली, फाइल पक्की केली आणि कौतुकानं धपाटे करायला घेतले.

वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. विजू मामांच्या *मागून* म्हणत होती. मामांची ओळ संपल्यावर तिचे ओठ हलणार! ज्या वंदनेत मी पाळण्यात असल्यापासून मागून म्हणत आले, तिथं मी मामांचा आवाज नवरीच्या तोंडात घातला. सगळं लग्न एक ओळ मागं सरकलं. पडद्यावर मामांचं तोंड हललं की मांडवातल्या दोनशे माणसांचा आवाज यायचा, आणि मामा गप्प झाले की त्यांचा. पण घरात कुणाच्या ध्यानात येणार? नवरीवर तर सगळं चोख, आणि मामांचे ओठ मिश्यांआड.

ध्यानात आलं ते एकाच माणसाच्या, आणि त्यालाच बोलता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी मामांना उशी लावून बसवलं, फाइल लावली. विजू दिसली तोवर ते हसले. मग ते स्वतः दिसले. त्यांनी तोंड उघडलं, थांबले, पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खाटेच्या लाकडी कडेवर हात आपटला. परत आपटला. "अं! अं!"

"मामा, म्हणा ना. आवाज येतोय की."

त्यांनी जोरात मान हलवली. पुन्हा थाप.

"काहून रागावलेत?" आत्याबाई आतून म्हणाल्या.

"काय माहीत. त्यांना कळेना झालंय बहुतेक."

असे आठ दिवस. रोज मी फाइल लावायची, रोज मामा खाट बडवायचे, आणि रोज मी त्यांना लहान मुलाशी बोलावं तसं, "ओठांकडं बघा, ओठांकडं," असं शिकवायचे. ओठांकडं! आठव्या दिवशी तर त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं आणि जेवेनात. दवाखान्यात गेलो तेव्हा मी मॅडमना माझ्या त्या हळव्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "इतका त्रास होत असेल तर थांबवू या. पुढच्या आठवड्यात मी कागदावर तसं लिहीन, मग फक्त हाताचे-पायाचे व्यायाम." परत येताना रिक्षात मामा बाहेर बघत बसले होते. आत्याबाईंनी त्यांचा हात धरला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी आता जन्मभर मीच बोलायचं व्हय?" आणि एरवी त्यावर हसलो असतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी दुपारची गेलेली वीज परत आली तेव्हा लेक झोपलेलीच होती. मला लग्नातली कुणाची तरी साडी बघायची होती, शेजारच्या काकूंशी पैज लागली होती म्हणून. मामांसाठी नव्हे, साडीसाठी. मी फाइल लावली आणि पोर उठेल म्हणून आवाज पूर्ण बंद केला. मामा पडल्या पडल्या बघत होते. साडी सापडायच्या आत वंदना आली, मामा पडद्यावर आले, आणि माझ्या पाठीमागं खाटेवर थाप पडली. मी कपाळाला हात लावणार तोच दुसरी थाप. हळू. रागाची नव्हतीच ती. मी मान वळवली. मामा पडद्याकडं एकटक बघत होते, आणि पडद्यावरच्या मिश्या हलायला लागल्या की नेमकी त्या क्षणी त्यांची बोटं लाकडावर पडत होती. मिश्या हलल्या, थाप. थांबल्या, शांत. हलल्या, थाप. मी आवाज चालू केला. मिश्या हलल्या, थाप पडली, आणि आला तो अख्ख्या मांडवाचा आवाज. मिश्या थांबल्या, आणि आवाज आला मामांचा.

आठ दिवस मामा मला दाखवत होते, इथून, इथून, इथून. आणि त्यांनी खाट बडवली की मी त्यांना औषध देऊन झोपवत होते.

"मामा," मी म्हणाले, "एक ओळ चुकली ना?"

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं आणि ओघळलेलं तोंड एका बाजूनं हसलं.

आवाज एक ओळ पुढं ओढायला मिनिट लागलं. पण नंतर बघते तर सुरुवातीला बरोबर असणारं पुढं पुढं परत घसरायचं. आता मात्र मी शहाणपणा न करता मुळाशी गेले. जिथं जिथं डीव्हीडीवर ओरखडा होता, तिथं कॉम्प्युटरनं बिघडलेलं चित्र टाकून दिलं होतं, आवाज मात्र पूर्ण ठेवला होता. दर ओरखड्याला आवाज थोडा थोडा मागं राहत गेला. सगळा आवाज एकदम सरकवून हे जमणारच नव्हतं. वंदनेचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक ओरखड्यापाशी जेवढं चित्र गेलं तेवढाच आवाज कापायचा, मग पुढचं जोडायचं. असे अकरा तुकडे निघाले. खुर्ची मी मामांच्या खाटेला लावून घेतली. मी आवाज सरकवायचे आणि ते मान हलवायचे. नाही. नाही. आणखी थोडं. बसलं की एक थाप. माझ्या कानाला बरोबर वाटायचं तिथंही ते दोनदा नाही म्हणायचे, आणि तेच खरं निघायचं. मध्ये वीज जायची, मग आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा सोलत तिची वाट बघायचो. आत्याबाई म्हणायच्या, "काय जोडी जमलीय! एकाला बोलता येत नाय, दुसरीला ऐकू येत नाय."

चार दिवस गेले. एका तुकड्यापाशी ओरखडा फार मोठा होता, मामांची एक पूर्ण ओळच चित्रातून गेली होती. काय करणार, तेवढा आवाजही कापावा लागला. एका ओळीवरून पडदा एकदम त्याच्या पुढच्याच्या पुढच्या ओळीवर उडी मारायचा. मला फार वाईट वाटलं. मी मामांना म्हटलं, "एवढी एक गेली." त्यांनी हात हलवला, जाऊ दे.

फाइल तयार झाली त्या दिवशी सकाळी हे सुटी टाकून थांबले होते. आत भाकऱ्या चालल्या होत्या. मी सुरू केली. पडद्यावर मामांनी तोंड उघडलं आणि त्यांचाच आवाज त्यांच्याच मिश्यांतून आला. खाटेवरचे मामा पुढं सरकले. पहिल्या ओळीला नुसता श्वास. दुसरीला घोगरा, अर्धा, पण सूर तोच. तिसरीला दोन शब्द. आम्ही हललो नाही. मग तो मोठा ओरखडा आला. पडद्यानं उडी मारली. मामा मात्र उडी मारेनात. पडदा पुढं निघून गेला, आणि मामांनी ती गेलेली ओळ म्हटली. पूर्ण. जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवावा तशी. जी त्या तबकडीवर नव्हती, त्या फाइलमध्ये नव्हती, कुठंच नव्हती, ती ओळ.

आतला थापण्याचा आवाज बंद झाला. आत्याबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. त्यांनी ऐकलं होतं. आणि सवयीनं, जन्मभराच्या सवयीनं, त्यांनी हात जोडले आणि ती ओळ मामांच्या मागून म्हटली. मग यांनी. मग मी, सगळ्यात शेवटी. भाकरी तव्यावर कोळसा झाली आणि त्या घरात पहिल्यांदाच त्याबद्दल कुणी कुणाला बोललं नाही.

मॅडमनी तो कागद लिहिला नाही. मी त्यांच्यापुढं माझी चूक सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावली. गल्लीला मात्र मी सांगत बसले नाही. ते काम शेजारच्या काकूंनी केलं.

पुढं बोलणं हळूहळू आलं. पूर्ण कधीच नाही आलं, शब्दांमध्ये मोठाले खड्डे राहिले. पण दोन उन्हाळ्यांनी फुलंब्रीच्या एका घरानं हट्ट धरला की आमच्या पोरीचं लग्न मामांनीच लावायचं, लागू दे किती लागायचा तो वेळ. मामांनी आठवडाभर आधी सदरा इस्त्री करून ठेवला. मांडवात मी पहिल्या रांगेत, त्यांच्या अगदी पायाशी बसले. दोनशे माणसांपुढं ते एका ओळीवर अडकले तर? परत कधी उभे राहणार नाहीत, हे मला माहीत होतं. मामांनी माईक घेतला. पहिली ओळ आली. मग थांबले. मांडव थांबला. दुसरी आली. दर ओळीआधी ते थांबत होते आणि दर वेळी मला वाटायचं, अडकले. म्हणून मी काय केलं, तर खाली मान घालून, ओठांतल्या ओठांत, पुढची ओळ त्यांच्या आधीच म्हणत राहिले, त्यांना ऐकू जाईल एवढीच. अडले तर धरायला बरी. वंदना शेवटपर्यंत नीट पार पडली. फुलं पडली, लोक मामांच्या पाया पडायला रांगेत उभे राहिले, एका म्हाताऱ्यानं तर त्यांना मिठीच मारली. आणि मला वाटलं, यातलं निम्मं माझं आहे, पण मी काही कुणाला सांगणार नाही. जेवणात बुंदी होती, मी तीनदा घेतली.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी, मी शेजारी. आत्याबाई पुढच्या सीटवर झोपल्या होत्या. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी मध्येच काहीतरी बोलणार होते. त्यांनी बोट वर केलं. मग म्हणाले,

"पोरी, मी... इसरत नाय. मला... येळ लागतो. तू... थांबत जा."